शांतता कमिटी

माझ्या नवऱ्याच्या पोटात दुसऱ्या बाईची किडनी आहे, आणि ती तिथं फार सुखात आहे. ऐकीव सांगत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिलंय, एकदा नव्हे, सात वेळा.

मी सारिका चौगुले. सांगलीत आमचं मिरची कांडप केंद्र आहे. उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीला आमच्यामुळं शिंका येतात. मिरच्या निवडणं, भाजणं, गिऱ्हाइकांशी वाद घालणं हे माझं काम. यंत्र चालवणं आणि गप्प बसणं हे धनपाल यांचं. बावीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यासमोर पोट धरून हसलेला मला आठवत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पायांवर सूज यायला लागली. मग तोंडावर आली. मिरजेच्या इस्पितळात डॉ. मुजावर बाईंनी त्यांना तिथल्या नव्या यंत्रात झोपवलं. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींना उजेडाची खूण लावायची आणि त्या कुठं कुठं जमल्यात याचा जिवंत नकाशा पडद्यावर बघायचा, असं ते यंत्र. पडद्यावर दोन्ही किडन्या दिसत होत्या आणि त्यांच्यावर गोवर उठल्यासारखे लाल ठिपके होते.

"या पेशी म्हणजे पोलीस समजा," डॉक्टर म्हणाल्या. "एरवी त्यांची ठाणी ठरलेली असतात. गळ्यात, काखेत, जांघेत गाठी असतात ना, ती ठाणी. कुठं गडबड झाली की पोलीस तिथून निघतात, काम उरकतात, परत जातात. पण एखाद्या गल्लीतली गडबड महिनोन्‌महिने मिटलीच नाही, तर ते तिथंच चौकी बांधतात. मग वरून हुकूम यायची गरज उरत नाही. चौकीतच नवी भरती होते, चौकीतच हत्यारं तयार होतात. यांच्या किडन्यांत अशा तीसएक चौक्या झाल्यात."

"आणि चोर कोण?" मी विचारलं.

"चोर कुणीच नाही. त्यांनी घरच्याच माणसाला परका ठरवलंय."

दोन्ही किडन्या वर्षभरात गेल्या. बदलायची वेळ आली तेव्हा मी कुणाला विचारलंही नाही, सरळ बाही वर केली. बायको आहे मी, माझी नाही तर कुणाची? तपासणी झाली आणि डॉक्टरांनी मान हलवली. आजारपणात धनपालांना रक्ताच्या पिशव्या चढल्या होत्या. त्यातून त्यांच्या रक्ताला काही खुणा नावडत्या होऊन बसल्या होत्या, आणि नेमक्या त्याच खुणा माझ्या पेशींवर होत्या. "तुमची किडनी आत ठेवली तर तासाभरात काळी पडेल," डॉक्टर म्हणाल्या. नावडतीचं मीठ अळणी हे मी ऐकलं होतं. नावडतीची किडनी काळी, हे त्या दिवशी कळलं.

मग अदलाबदल ठरली. आटपाडीचा बिरुदेव खिलारे, मेंढरं राखणारा, साखरेच्या आजारानं किडन्या गेलेला. त्याची बायको अंबिका, एसटीत कंडक्टर. तिची किडनी त्याला चालत नव्हती, पण धनपालांना चालत होती. माझी बिरुदेवला चालत होती. एकाच दिवशी चार ऑपरेशनं झाली. माझी किडनी एका अनोळखी धनगराच्या पोटात गेली आणि खाकी कपड्यातल्या त्या बाईची माझ्या नवऱ्याच्या.

जुन्या पद्धतीत जन्मभर गोळ्या घेऊन सगळ्याच पोलिसांना गुंगीत ठेवावं लागे, मग साध्या सर्दीनंही माणूस जायचा. डॉ. मुजावरांची पद्धत निराळी होती. दर चौथ्या मंगळवारी जिची किडनी, तिच्याच रक्तातल्या जिवंत पेशी काढायच्या आणि किडनी मिळालेल्याला द्यायच्या. हळूहळू त्याच्या शरीराला त्या पाहुण्यांची सवय होते. किडनीत तरीही जमाव जमतो, पण वेगळा.

"दंगलीनंतर मोहल्ल्यात शांतता कमिटी बसते की नाही?" डॉक्टर म्हणाल्या. "जाणती माणसं एकत्र बसतात, चहा पितात, तापलेल्या पोरांना आवरतात. या पेशी तसंच करतात. भांडणाऱ्या चौक्या यंत्र लाल दाखवतं, कमिट्या निळ्या. निळं वाढत गेलं की मी गोळ्या कमी करत जाणार, आणि एक दिवस बंद."

अटी दोनच होत्या. पेशी दोन तासांत द्यायच्या, म्हणून देणारीनं स्वतः तिथं यायचं. आणि आधीचे दोन दिवस पोटभर जेवायचं. "उपास अजिबात नको," डॉक्टरांनी मला आणि अंबिकेला बजावलं. "माणूस उपाशी राहिला की नेमक्या या पेशी रक्तातून निघून हाडांच्या मगजात जाऊन बसतात. खायला मिळालं की परत येतात."

"म्हंजी आमच्यावानीच," बिरुदेव पलंगावरून म्हणाला. "दुष्काळ पडला की मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला उतरायचं, पाऊस झाला की माघारी."

सगळे हसले. मी पण हसले. तेव्हा माझ्या पोटात दुखायला लागलं नव्हतं.

ते तिसऱ्या महिन्यात सुरू झालं. अंबिका पहिल्याच भेटीत मला "अक्का" म्हणाली होती. आता मी अक्का म्हटल्यावर धनपाल आपोआप दाजी झाले, आणि दाजींची थट्टा करायचा मेहुणीला हक्कच असतो. तो हक्क ती बोलीभाषेत, मोठ्या आवाजात आणि वॉर्डभर बजावायची. "दाजी, माझी किडनी तिकीट न काढता बसलीया बरं का तुमच्याकडं. दंड कुणाकडनं घ्यायचा?" आणि धनपाल हसायचे. पोट धरून. टाक्यांवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी बावीस वर्षं ज्या हसण्याची वाट पाहिली ते त्या बाईनं उभ्या उभ्या फाडून हातात दिलं.

मग बाजरी आली. आमच्या घरात ज्वारीच्या भाकरीशिवाय काही चालत नाही. एका सकाळी धनपाल म्हणाले, "बाजरीची कर की कवातरी. आन हुलग्याचं माडगं."

"हे कुठलं नवीन?"

"वाटलं खावं."

माडगं हे आटपाडीकडचं, अंबिकेच्या घरचं खाणं. किडनीबरोबर आवडनिवड येत नाही, हे मला डॉक्टरांनी शास्त्रासकट समजावून सांगितलं. मला पटलंही. तरी बाजरी थापताना माझे हात असे आपटत होते की शेजारच्या पद्मावती काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, भाकरी करतीस का कपडे धुतीस.

सातव्या महिन्याचा नकाशा मी विसरणार नाही. आधी धनपाल यंत्रात गेले. पडद्यावर त्यांची, म्हणजे तिची, किडनी उमटली आणि ती सगळी निळी होती. इकडून तिकडून जवसाचं शेत फुललंय असं वाटावं. डॉ. मुजावर खुर्चीतून उठल्याच. "इतकी सुंदर कमिटी मी आजवर पाहिली नाही. यांना आता डोस नको. तीन महिन्यांनी नुसतं दाखवायला या."

मग बिरुदेव गेला. माझी किडनी पडद्यावर आली. निळं थोडं होतं, काठाकाठानं. मधोमध तीन लाल चौक्या होत्या.

"सांभाळायला पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "पण हाताबाहेर नाही. पुढच्या वेळी दुप्पट डोस देऊ. त्याच दिवशी त्यांच्या गोळ्याही निम्म्या करू, कारण गोळ्यांच्या गुंगीत कमिटी नीट बसत नाही. पुढच्या डोसाचा मंगळवार महत्त्वाचा."

अंबिकेचा चेहरा उतरला होता. पण ती गप्प बसणारी बाई नव्हे. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अक्का, तुमची किडनी बी तुमच्यावानीच तिखट हाय जणू. आमच्या मालकांस्नी ठसका लागतूया."

सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं ते सांगायला नकोच.

नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही, तो माझा धंदाच आहे. तिची किडनी माझ्या नवऱ्यानं जन्मोजन्मीची ओळख असल्यासारखी पोटाशी धरली. माझी नवऱ्याला चालली नाही ती नाहीच, आणि जिथं दिली तिथंही तिच्यावर चौक्या बसल्या. दोन्हीकडून मीच नापास. आणि एवढं होऊनही, डोस संपले तरी, दर मंगळवारी त्या बाईचा फोन यायचाच. "दाजी, बरं हाईसा न्हवं?" आणि पलीकडच्या खोलीतून ते हसू.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. आम्हा जैनांची ही वर्षातली मोठी दहा दिवसांची साधना. कुणी एकभुक्त राहतं, कुणी दहाच्या दहा दिवस उपवास करतं, दिवसातून एकदा उकळलेलं पाणी घेऊन. दहा उपवास पुरे करणाऱ्यांची अनंत चतुर्दशीला बस्तीतून, म्हणजे आमच्या मंदिरातून, रथात बसवून मिरवणूक काढतात.

मी दहा उपवासांचा संकल्प केला. बिरुदेवचा महत्त्वाचा मंगळवार तिसऱ्या दिवशी येत होता, हे मला माहीत होतं. कॅलेंडर स्वयंपाकघरातच टांगलंय.

"डॉक्टरांना विचारलंस न्हवं?" धनपाल म्हणाले.

"विचारलं. चालतंय म्हणाल्या."

खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. मनाला मी सांगितलं, उपवास नवऱ्याच्या आयुष्यासाठी आहेत. एका डोसानं काय होतंय, पुढच्या वेळी भरून निघेल. पण मनाच्या तळाशी दुसरंच होतं आणि ते आता सांगायला मला लाज वाटते: त्या बाईला एकदा तरी भीती वाटू दे. पडद्यासमोर उभी राहून नवऱ्याच्या पोटातलं लाल बघताना तिचं तोंड एकदा तरी बंद होऊ दे. बिरुदेवचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं. बिरुदेव माझ्या डोळ्यांसमोर नव्हताच.

मंगळवारी मी एकटीच मिरजेला गेले. अंबिकेची ड्युटी होती, बिरुदेव पुतण्याबरोबर आला होता. सिस्टरनं नेहमीचे प्रश्न विचारले. काल जेवलात? जेवले. आज नाश्ता? झाला. बिरुदेवनं पलंगावरून हात जोडले. "माउली, तुमच्या जिवावर हाय बगा." मी दुसरीकडं बघितलं. तासाभरात माझ्या पेशींची पिशवी त्याच्या हाताला लागली आणि त्याच्या गोळ्या निम्म्या झाल्या. पिशवीतला नमुना मोजणीसाठी पुण्याला गेला. त्याचा निकाल यायला चार-पाच दिवस लागतात.

रविवारी आठवा उपवास होता. उपवासवालीला भेटायला दुपारी बायका येतात तशा आल्या होत्या. मी चटईवर भिंतीला टेकून बसले होते, जीभ कोरडी पडलेली, पण मान ताठ. पद्मावती काकू रथाला कुठली फुलं लावायची ते सांगत होत्या. तेवढ्यात दारात अंबिका उभी राहिली. खाकी कपड्यात, तिकिटाचं यंत्र गळ्यातच. आटपाडीची गाडी स्टँडवर लावून तशीच पळत आली होती.

"अक्का, चला. मालकांस्नी काल ॲडमिट केलंय. लघवी बंद झालीया, ताप हटंना. डॉक्टरीणबाई म्हणत्यात तुमचं रगत पायजे, आजच्या आज. तुमचा फोन बंद हाय."

"अहो बाई, तिला कुठं नेताय?" पद्मावती काकू कौतुकानं म्हणाल्या. "आठवा उपवास आहे तिचा. पाण्यावर आहे."

अंबिका थांबली. कंडक्टर बाई ती. चाळीस माणसांच्या गर्दीत कोण कुठं चढलं आणि कुठं उतरणार हे डोक्यात ठेवणारी. तिची बोटं नुसती हलली.

"आज आठवा," ती हळू म्हणाली. "म्हंजी मंगळवारी तिसरा."

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि आतल्या दाराशी उभ्या असलेल्या धनपालांना कळलं.

"डॉक्टर मघाशी बोलल्या," अंबिका माझ्याकडंच बघत होती. "पुण्यासनं कागुद आलाय. पिशवीत पेशी नव्हत्याच म्हनं, निस्तं पाणी. त्यास्नी वाटतंय मशिन बिघडली." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मशिन बिघडली न्हवती. व्हय ना अक्का?"

मला नाही म्हणता आलं असतं. सांगता आलं असतं की विसरले, की ठाऊक नव्हतं, की धर्माचं काम आहे. आणि तिच्याबरोबर तशीच उपाशी गेले असते तर दुसरी पिशवीही रिकामीच भरली असती. ती किडनी आतल्या आत गेली असती. माझी किडनी, मी वाढवलेली, पंचेचाळीस वर्षं माझ्या अन्नावर जगलेली, रुसून दुसऱ्याच्या घरात मेली असती.

"मशिन बिघडली नव्हती," मी म्हणाले. "मला माहीत होतं. मी खोटं सांगितलं. तिथंही आणि घरातही." मग धनपालांकडं वळून म्हणाले, "तुम्ही मुगाचं पाणी ठेवा. मी उपवास सोडते."

बायकांत एकच गलका झाला. दोनच राहिलेत, संकल्प मोडतीस का, रथ सांगून ठेवलाय. पद्मावती काकूंनी तर माझा हातच धरला. अंबिकेनं तो हात सोडवला, बायकांना दारातल्या त्यांच्या चपला दाखवल्या आणि दार लोटून घेतलं. घर तिचंच असल्यासारखं.

धनपालांनी डॉ. मुजावरांना फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की आठ दिवसांच्या उपाशी पोटाला एकदम काही देऊ नका. दर तासाला थोडं थोडं द्या, आधी पातळ, मग पेज, संध्याकाळी मऊ भात. पेशी उद्या दुपारपर्यंत रक्तात उतरतील. तोवर डॉक्टर बिरुदेवला औषधांवर धरून ठेवतील. धरून राहिला तर.

धनपाल मूग निवडत माझ्याजवळ बसले.

"का केलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही तिच्याशी हसता."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ते कितीतरी वेळ मूग निवडत राहिले, खडा नसताना.

"अगं, ती परकी हाय. परक्या माणसापुढं हसायचं असतंय." ते थांबले. "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी कुणापुढं रडलो? आईपुढं तरी रडलो का कधी? ते तुला मोजायचं सुचलं न्हाई."

मला सुचलं नव्हतं. बावीस वर्षं घरच्याच माणसाला मी परका ठरवून बसले होते, आणि चौकीत भरती चालूच होती.

अंबिका गाडीवर परत गेली नाही. डेपोला फोन करून बदली कंडक्टर मागवला आणि माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. दर तासाला वाटी. मी तोंड फिरवलं की चमचा तिथंच अधांतरी धरायची. तिच्या डोळ्यांत माया वगैरे काही नव्हती. गाडीतल्या दारुड्याला उतरवताना असेल तसा चेहरा.

चौथ्या वाटीला ती बोलली.

"तुमचा फोटू हाय आमच्या देव्हाऱ्यात."

"माझा?"

"मालकांनी लावलाय. बिरोबाच्या शेजारी. इस्पितळात चौघांचा काढला व्हता न्हवं, त्यातला तुमचा तेवढा कापून मोठा करून आणला. रोज सकाळी माझ्या आधी तुमास्नी हळदकुकू लागतंय. म्या नोकरी सांभाळून पंचवीस वर्सं ह्या माणसाची मेंढरं राखली, त्याच्या आईचं हगणंमुतणं काढलं, आन माउली कोण, तर तुमी." तिनं चमचा वाटीवर आपटला. "ह्या हातानं तुमचा फोटू पालथा घातलाय मी चारदा. म्हटलं, वाऱ्यानं पडला."

मला हसू येत होतं आणि हसायची छाती नव्हती.

"पण म्या फोटूच पालथा घातला," ती म्हणाली. "घ्या. तोंड उघडा."

सोमवारी दुपारी त्यांनी माझं रक्त काढलं. या वेळी डॉक्टरांनी तिथंच, जुन्या साध्या पद्धतीनं, काचेवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यांनी मान वर केली. "परत आल्यात," एवढंच म्हणाल्या. माझ्याशी त्या नेहमी हसून बोलायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत, आजही नीट हसत नाहीत. ते योग्यच आहे.

मंगळवारी अनंत चतुर्दशीची मिरवणूक निघाली. ती आमच्याच गल्लीतून जाते. मी गॅलरीत उभी राहून बघितली. रथात तिघी होत्या. पद्मावती काकूंनी वर बघितलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. हेवाही वाटला. दोन दिवसांत कुणाचा स्वभाव बदलत नसतो.

गुरुवारी क्षमावणी होती. दशलक्षण संपल्यावर या दिवशी आम्ही भेटेल त्याला हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणतो. वर्षभरात कळत-नकळत जे झालं त्याची माफी. मी लहानपणापासून हे शेकडो जणांना म्हणत आलेय, दारात उभ्या उभ्या, पुढच्या घरी जायच्या घाईत. कशाबद्दल, असं मला कधी कुणी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी मी मिरजेला वॉर्डात गेले. बिरुदेव उठून बसला होता. ताप उतरला होता, पलंगाखालच्या पिशवीत लघवी दिसत होती, आणि लघवी बघून डोळे भरून यायची माझ्या आयुष्यातली ही दुसरी वेळ, पहिली धनपालांच्या ऑपरेशननंतरची. डॉक्टरांनी सकाळचा नकाशा दाखवला. तिनाच्या पाच झालेल्या लाल चौक्या तशाच होत्या. पण मधल्या दोहोंच्या कडेला निळ्या रंगाचा एक ठिपका बसला होता, मोहरीएवढा.

"किडनी वाचली असं मी अजून म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आता दर मंगळवारी डोस. सहा महिने."

मी पलंगाशी जाऊन हात जोडले. "बिरुदेव, उत्तम क्षमा. त्या मंगळवारी मी…"

"आवो माउली, तुमी कशाची माफी मागताया?" तो मला पुढं बोलूच देईना. "तुमी आठ दिवसांचा उपास मोडून आलासा म्हनं माझ्यासाठनं. अंबीनं सांगितलं सगळं. रथ सोडलासा. आता घरी गेलो की त्या फोटूला चांदीची चौकट करतो बगा."

मी अंबिकेकडं बघितलं. ती खिडकीत पाठमोरी उभी राहून डबा आवरत होती.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. "तू त्याला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. उपास मोडला म्हणून सांगितलं."

"का केला होता ते?"

"ते न्हाई."

"सांगायचं होतंस. फोटो त्याच दिवशी देव्हाऱ्यातनं बाहेर गेला असता. तुला तेच तर हवं होतं."

"व्हय, पायजेच व्हतं." ती डब्याचं झाकण दाबत राहिली. "जिभेवर आलं व्हतं दोनदा. पण त्या माणसाच्या पोटात तुमचीच किडनी हाय. तिच्यावर त्याचा राग बसला, तर मग म्या कुणाकडं बघायचं?"

मी हात जोडले. "उत्तम क्षमा, अंबिका." या वेळी कशाबद्दल ते सगळं सांगितलं. हसण्याबद्दल, बाजरीबद्दल, कॅलेंडरबद्दल. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं.

"माफी-बिफी मला कळत न्हाई, अक्का," ती शेवटी म्हणाली. "मंगळवारी जेवून या."

आता दर रविवारी आणि सोमवारी दोन्ही वेळेला फोन येतो. गाडीच्या घरघरीतून, तिकिटं फाडता फाडता, ती एकच प्रश्न विचारते, "जेवलासा का?" काय जेवले तेही सांगावं लागतं, भाकऱ्या किती तेही. दाजींची चौकशी मागं पडलीय. धनपाल पलीकडच्या खोलीतून विचारतात, काय म्हणत होती. मी काही नाही म्हणते.

बिरुदेवच्या देव्हाऱ्यात चांदीच्या चौकटीत माझा फोटो आहे. सकाळी त्याला हळदकुंकू लागतं आणि ते लावताना ती बाई गप्प राहते. एका वाक्यात तिची पोटदुखी कायमची गेली असती, आणि ते वाक्य तिनं गिळलं. मला ते जमलं नव्हतं. खरं सांगते, तिच्या किडनीचा, तिच्या त्या खळखळाटाचा, कशाचाच मला आता एवढा हेवा वाटत नाही, जेवढा त्या गिळलेल्या वाक्याचा वाटतो.

फोन वाजतोय. मी ताट वाढून घेते.